मेलेल्या चंद्राचं दूध

"मेली म्हणून सांगतोय न्हवं तुला! होळीच्या आधी मेली चंद्रा. ह्याच हातानं तिच्या तोंडात पाणी घातलोय मी. आणि तू म्हणतीस आज सकाळी दूध दिली?"

"मी न्हाय म्हणत आक्का, हे म्हणतंय," वर्षाराणी म्हणाली, आणि तिनं मोबाईल शांतव्वाच्या नाकापुढं धरला.

"लांब धर की. नाकाला लावलीस तर वास येईल, दिसणार कसं?"

वर्षाराणीनं हात मागं घेतला. शांतव्वा म्हशीच्या कासेखालून उठली, पदराला हात पुसले आणि डोळे बारीक करून बघितलं. मोबाईलात चंद्राच होती. दिवाळीच्या पाडव्याला काढलेला फोटो. शिंगांना रंग, कपाळाला मोरपिसं, गळ्यात घुंगरांचा पट्टा. डावं शिंग टोकाला तुटलेलं. ते एकदा रिक्षाला धडकून तुटलं होतं आणि रिक्षावाल्यानं तिथंच रस्त्यात म्हशीची माफी मागितली होती. फोटोखाली मराठीत चार ओळी होत्या. वर्षाराणीनं त्या वाचून दाखवल्या. म्हैस : चंद्रा. धार : आज सकाळी. काढणार : शांतव्वा गुरुपाद. खात्री : अंगठ्याने.

"बाटलीवरचा चौकोन मोबाईलनं टिपला की रोज हेच येतंय आक्का. मी पोरांना दाखवतो, हे बघा, आपल्या आक्काच्या चंद्राचं दूध. आज आईकडं आलतो, म्हटलं तुम्हालाबी दाखवावं. आनंद होईल."

शांतव्वानं परत एकदा त्या तुटक्या शिंगाकडं बघितलं.

संध्याकाळचा कट्टा भरला होता. रस्त्याच्या कडेनं म्हशींची ओळ, म्हशींच्या खाली गवळी, आणि गवळ्यांच्या डोक्याशी पेला धरून उभं राहिलेलं गिऱ्हाईक. म्हैस गावात आणायची, लोकांच्या डोळ्यांदेखत पिळायची आणि फेस बसायच्या आत पेला हातात द्यायचा, अशी इथली रीत. पाणी घातलं का, पावडर मिसळली का, असलं काही विचारायचं कारणच पडत नाही. वर्षाराणीचा बाप तिला खांद्यावर बसवून ह्याच कट्ट्यावर आणायचा. लग्न होऊन ती राजारामपुरीतल्या फ्लॅटात गेली, शिकवणीचे वर्ग काढले, आणि कट्टा सुटला. मग दारात बाटली यायला लागली. बाटलीवर शांतव्वाचं चित्र होतं, म्हणून तिनं दुसरी कुठली घेतलीच नाही.

"मग ही कोण?" तिनं समोरच्या म्हशीकडं बोट केलं. हिची दोन्ही शिंगं शाबूत, पाठीवरून पार मागं गेलेली.

"ही बी चंद्राच."

"आँ?"

शेजारच्या म्हशीखाली बसलेला गुंडू गवळी हसला. "ताई, ह्यांच्यात नाव म्हशीला नसतंय. खुंट्याला असतंय."

ते खरं होतं. शांतव्वाच्या सासरी ही रीत तिच्या सासूच्याही आधीपासनं चालत आलेली. गोठ्यात चार खुंटे. चंद्रा, गौरा, तुंगा, नंदा. ज्या खुंट्याला म्हैस बांधली तिचं ते नाव. एक गेली की दुसरी यायची आणि नाव पुढं चालायचं. सासू म्हणायची, म्हशीचं मरण कट्ट्यावर बोलायचं नाही, गिऱ्हाइकाला पेल्यात ते दिसायला लागतं. म्हणून आज रागाच्या भरात कट्ट्यावर चंद्राचं मरण मोठ्यानं बोलून गेल्यावर शांतव्वानं जीभ चावली होती.

शांतव्वा मूळची निपाणीच्या पलीकडची. चौथीपर्यंतची शाळा कानडीत झाली. लग्न होऊन कोल्हापूरच्या गवळी गल्लीत आली तेव्हा तिला मराठीत फक्त शिव्या कळायच्या, त्याही म्हशींना घातलेल्या. धार काढायचं काम गड्यांचं, बाईनं शेण आणि वैरण बघायची, असा सगळा कारभार. पण गौराच्या खुंट्याच्या एका म्हशीनं नवऱ्याचा, गुरुपादचा, गुडघा लाथेनं फोडला आणि गुरुपाद कायमचा उंबऱ्याला टेकला. दुसऱ्या दिवशी शांतव्वानं कपाळाला विभूती लावली, चारी म्हशी सोडल्या आणि कट्टा गाठला. त्या ओळीत तोवर बाई बसली नव्हती. एकानं लांबूनच विचारलं, "वैनी, गुरुपाद कुठाय?" ती म्हणाली, "घरात हाय. तुला त्याला प्यायचंय का दूध प्यायचंय?" त्या दिवसापासून तिच्या वाटेला कुणी गेलं नाही.

नाव झालं ते मात्र जिभेनं नाही. एकदा नंदाच्या सडाला सूज आली. दूध दिसायला पांढरंच होतं. शांतव्वानं त्या सडाची पहिली धार तळव्यावर घेतली, बोटानं चोळली, गुठळी लागली, आणि बाकीच्या सडांनी भरलेली चरवी रांगेतल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर गटारात ओतली. "चार दिवस नंदाचं मागू नगा," एवढंच म्हणाली. तेव्हापासून लोक शेजारच्या गवळ्याकडं रांग नसली तरी तिच्याकडंच थांबायचे. पेला तोंडाला लावताना आत बघायचे नाहीत. एवढी एक कमाई तिनं केली होती, आणि ती तिला ठाऊक होती.

त्या रांगेत पहिला पेला विजयसिंहचा असायचा. हा शाहूवाडीकडचा. कुस्ती शिकायला कोल्हापुरात आला आणि तालमीत राहायला लागला. अंगानं आडवा, बोलायला मऊ. शांतव्वाला माहेरचं कुणी जवळ नव्हतं. ती त्याला तम्मा म्हणायला लागली. तिकडं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. भाऊबीजेला तो गवळी गल्लीत यायचा, पाटावर बसायचा, ती ओवाळायची. पुढं त्याच्या खांद्याचा सांधा निखळला, लंगोट खुंटीला लागला, तो शिकला, पुण्यात नोकरी केली आणि डोळ्याला चष्मा लावून परत आला. आला तो कंपनी घेऊनच.

तिच्या उंबऱ्यावर बसून त्यानं सगळं समजावलं होतं. "आक्का, कट्ट्यावर जे लोकांना डोळ्यानं दिसतं, तेच आपण पुण्या-मुंबईच्या माणसाला मोबाईलात दाखवायचं. म्हशीच्या कानात बिल्ला. बिल्ल्याला नंबर. रोज धार झाली की नोंद. कुणाची म्हैस, काय खाल्ली, कुणी पिळली, कुठल्या गाडीत चढलं, कुठं थंड झालं. ब्लॉकचेन म्हणत्यात त्याला. एक नोंद पुढच्या नोंदीला साखळीगत अडकवलेली. मधलीच कडी काढाय गेलं की सगळ्यांना कळतंय."

"म्हंजे एकदा लिवलं की लिवलं?"

"लिवलं की लिवलं. मलाबी पुसता येत न्हाय."

ते शांतव्वाला पटलं. तिच्या तळव्यावरच्या धारेसारखंच होतं ते. संध्याकाळचं दूध कट्ट्याला आणि सकाळचं कंपनीला, असं ठरलं. ती गल्लीत दारोदार फिरली आणि सांगितलं, माझा तम्मा हाय, फसवायचा न्हाय. तिच्या शब्दावर गल्लीतल्या म्हशींच्या कानांत पिवळे बिल्ले बसले.

मग होळीच्या आधी चंद्राचं पोट फुगलं. डॉक्टर आले, सुई टोचली, रात्र निघाली नाही. सकाळी विजयसिंह स्वतः आला. गोठ्यात चपला काढून आत आला, चंद्राच्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला आणि डोळे पुसले. मग म्हणाला, "आक्का, नोंद बंद करायला बिल्ला लागतो." खिशातनं पक्कड काढून त्यानं तिच्या कानातला बिल्ला आपल्या हातानं कापून घेतला. जाताना शांतव्वाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमच्यात खुंट्याचं नाव चालतं न्हवं? मग चंद्रा कुठं गेली न्हाय आक्का. चंद्रा चालूच राहणार."

शांतव्वाला वाटलं होतं, आपल्या घरची रीत परक्यानं एवढी मनावर घेतली. तिनं ते वाक्य गुरुपादला दोनदा सांगितलं होतं.

आज कट्ट्यावरून घरी आल्यावर तिनं वर्षाराणीचं सगळं सांगितलं, तेव्हा गुरुपाद पाय चोळत होता.

"मेल्यावर बरी सुधारली," तो म्हणाला. "जित्ती असताना वरसातनं चार महिनं आटायची. आता बघ, एक दिवस खाडा न्हाय."

"थट्टा करू नगा."

"थट्टा मी करीत न्हाय. तो करतोय."

तिनं विजयसिंहला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. परत लावला. मग कुठल्या तरी बाईनं इंग्रजीत काही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची धार आवरून शांतव्वा राजारामपुरीत गेली. वर्षाराणीनं गल्ली सांगितली होती. खाली दातांचा दवाखाना, वर शिकवण्यांचे फलक, त्याच्याही वर कंपनी. जिन्यात चपला काढाव्यात की नाही हे कळेना, म्हणून तिनं त्या हातात घेतल्या. काचेचं दार ढकललं आणि समोर भिंतभर ती स्वतः उभी होती. हातात चरवी, शेजारी तुटक्या शिंगाची चंद्रा. एवढी मोठी चंद्रा जिती असतानाही नव्हती.

"आक्का!" विजयसिंह आतनं धावत आला. "फोन करायचा की. गाडी पाठवली असती."

"फोन करून बोट झिजलं. उचलतोस कुठं?"

"मीटिंगा असत्यात. बसा, बसा."

ती बसली नाही. "तम्मा, चंद्रा मेली का न्हाय?"

"आक्का, जरा पाणी—"

"मेली का न्हाय?"

"मेली."

"मग तुझ्या साखळीत का मेली न्हाय?"

त्यानं मागं बघितलं. मेजांपाशी बसलेल्या पोरी मान खाली घालून काम करत होत्या. त्यानं तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"लोकांना तीच पाहिजे असती आक्का. तो फोटो सगळीकडं गेला. पुण्यात बायका चंद्राचंच द्या म्हणून मागत्यात. एका म्हशीचं दूध कितींना पुरणार? दूध खराब न्हाय, देवाशपथ. तपासलेलं असतंय. आमच्या शाहूवाडीकडनंच येतंय."

"मग शाहूवाडीचं म्हण की. तुझ्या गावची लाज वाटती का तुला?"

तो खुर्चीत टेकला. मग चष्मा काढून पुसत म्हणाला, "मी साखळीत कधी खोटं घातलं न्हाय. साखळीत रोज जे जातंय ते तुमच्या अंगठ्यानं जातंय."

"काय?"

"गाडीवाला सकाळी मोबाईल पुढं करतो, तुम्ही अंगठा देता. त्यात म्हशींची नावं असत्यात. तुम्ही हो म्हटल्याबिगार नोंद चढतच न्हाय."

शांतव्वाला आपला रोजचा सकाळचा अंगठा दिसला. दुधानं ओला, लुगड्याला पुसलेला. गाडीची घाई, म्हशींची हंबर. काचेवर मराठीत काही नावं असायची, ती तिनं कधी वाचली नव्हती. ती अक्षरं तिला लावून लावून वाचावी लागायची. आणि वाचली असती तरी काय? एका ओळीला चंद्रा लिहिलेलं असणार, दुसऱ्या ओळीला परत चंद्रा, मेलेलीच्या बिल्ल्यावरची. तिनं म्हटलं असतं, हाय की आपली चंद्रा, आणि दिला असता अंगठा. हे त्याला ठाऊक होतं. ओवाळून घेताना, गोठ्यात बसताना, त्यानं तिच्या घरची रीत शिकून घेतली होती आणि नेमकी तीच वापरली होती.

"पूस ते."

"पुसता येत न्हाय आक्का. तेच तर—"

"मग खाली लिव. आजच्या तारखेला लिव, चंद्रा होळीच्या आधी मेली."

"ते लिवलं की होळीपासनंची सगळी बाटली खोटी पडती. कंपनी बसंल. गल्लीतलं सकाळचं दूध कोण उचलणार? आणि..." तो अडखळला. "पहिल्यांदा तुम्हालाच विचारत्याल. अंगठा तुमचा हाय."

"मला भीती घालतोस?"

"न्हाय आक्का, तुमच्या काळजीनं बोलतोय."

शांतव्वा एक पाऊल त्याच्याजवळ आली. "बिल्ला कापताना रडलास तू."

"ते खरं होतं आक्का. आईची शपथ. तिचंच दूध पिऊन मी..."

"म्हंजे रडत रडत कापलास."

तो उठून कपाटाकडं वळला, परत फिरला. "चहा तरी घ्या. उन्हातनं आलाय."

"कुणाचं दूध हाय त्यात?" शांतव्वानं विचारलं आणि दार उघडलं. बाहेरच्या पोरींनी एकदम मान वर केली.

गल्लीत शिरल्यावर ती घरी गेली नाही. आधी गुंडूच्या गोठ्यात गेली. तिच्याच शब्दावर बिल्ले बसवणारा हा पहिला. तो वैरण कापत होता.

"गुंडू, उद्या सकाळी अंगठा देऊ नगंस."

"का?"

तिनं सगळं सांगितलं. गुंडूनं विळा खाली ठेवला, पण त्याच्या तोंडावर नवल दिसेना.

"मावशी, कशाला उकरतीस? माझी थोरली म्हैस मी श्रावणात विकली. तिचं बी दूध चालूच हाय बहुतेक."

"तुला ठावं होतं?"

"गल्लीत सगळ्यांना ठावं हाय. गाडीवालाच एकदा बोलला." तो थांबला, मग जरा तिरकं बोलला. "आम्हाला वाटलं, तुलाबी ठावं हाय. तुझा भाऊ, तुझा फोटो. तू काही म्हणत न्हाईस म्हटल्यावर आम्ही कशाला तोंड उघडू?"

शांतव्वा गोठ्याच्या दाराला हात लावून उभी राहिली. विजयसिंहनं जे केलं ते तिला समजत होतं. पैशाच्या मागं लागलेली माणसं तिनं पुष्कळ बघितली होती. पण गल्ली? शेजारपाजारच्या बाया, रोज तिच्याबरोबर हौदावर म्हशी धुणारी माणसं, इतके महिने तिच्याकडं बघत होती ती असं समजून, की शांतव्वा मेलेल्या म्हशीचं दूध विकती. आणि हसून बोलत होती. त्यांना त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

"मला ठावं असतं तर मी अंगठा दिला असता व्हय रं?"

गुंडूनं विळा उचलला.

घरी गुरुपादनं तिचं तोंड बघितलं आणि आधी तिला जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर तिनं स्वतःच सांगितलं. "संध्याकाळी कट्ट्यावर सांगणार मी. सगळ्यांच्या म्होरं."

"लोक हसत्याल शांते."

"हसू देत."

"गल्ली बोलायची बंद होईल."

"आता बोलत हुती ते तरी काय बोलत हुती?"

गुरुपादनं मान हलवली. मग काठी टेकत उठला, चारी म्हशींच्या कानातले बिल्ले पकडीनं एकेक कापले आणि शेणाच्या पाटीत टाकले. चौथ्या म्हशीनं मान झटकली आणि त्याला भिंतीवर ढकललं, तसं तो तिला कानडीत काहीतरी बोलला.

संध्याकाळी कट्टा नेहमीसारखा भरला. शांतव्वानं म्हशी उभ्या केल्या, पण चरवी हातात घेतली नाही. रांगेसमोर उभी राहिली.

"ऐका. बाटलीवर माझा फोटो हाय, ते दूध माझं न्हाय. चंद्रा होळीच्या आधी मेली. ही चंद्रा दुसरी हाय. मेलेलीच्या नावावर कंपनी दूध विकतीया आणि त्यावर माझा अंगठा हाय. अंगठा मी दिला, पण कशावर देतोय ते मला ठावं नव्हतं. एवढंच."

शेजारच्या ओळीतले गवळी इकडं बघायला लागले. गुंडूनं पाठ फिरवली. मग रांगेच्या मागनं कुणीतरी ओरडलं, "आक्का, ही तरी जित्ती हाय न्हवं?"

हशा उठला. कोल्हापूरच्या रस्त्यावर असला हशा लगेच पसरतो. चहाच्या गाड्यावरचे लोक, जाणारे-येणारे, काय झालं हे न कळताही हसायला लागले. दोघंजण पेला परत ठेवून शेजारच्या ओळीत गेले. एक बाई किटली घेऊन उभी होती, तिनं आत डोकावून बघितलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा शांतव्वाच्या रांगेतल्या माणसानं पेल्याच्या आत बघितलं होतं. शांतव्वाला ते दिसलं.

"जित्ती हाय का बघायचं असंल तर मागं उभा राहा," ती ओरडली, "लाथ घातली की कळंल."

परत हसले, पण ह्या वेळी कमी. ज्याला जायचं होतं तो गेला. रांग निम्मी झाली. उरलेल्यांत कोण विश्वासानं थांबलंय आणि कोण नुसती मजा बघायला, हे तोंडावरून कळत नव्हतं, आणि ते कळून घ्यायला तिला वेळही नव्हता. रेडकू दाव्याला हिसके देत होतं.

तिनं रेडकू सोडलं. ते आईला ढुसण्या देऊन चोखायला लागलं. पान्हा आला तसं तिनं त्याला ओढून बांधलं, कासेवर पाणी मारलं, उकिडवी बसली आणि चरवी गुडघ्यांत धरली. पहिली धार तळव्यावर घेतली, बोटानं चोळली, झटकली.

"पेला आण कुणाचा असंल तो," ती म्हशीच्या पोटाआडून म्हणाली, आणि पिळायला लागली.